धुरा सोडू नको

वाशीम,
दि. ६ जानेवारी १९५८

ती. चतुराआत्याबाईंच्या सेवेशी,
रुख्मिणीचा शिरसाष्टांग नमस्कार.

नाशिकहून बाबांची बदली येथे झाल्यापासून आपणांस सविस्तर पत्र लिहिण्याचा संकल्प होता. तो आज एका संकटामुळे तडीस जात आहे.

आपले धाकटे बंधू शाळा तपासनीस म्हणून किती शिस्तीचे आहेत, हे आपण जाणताच. त्यांनी दिवाळीच्या सुमारास एक मोटार विकत घेतली. ती वयाने माझ्या आईहून मोठी आहे. स्वतःच्या मनास येईल तेव्हाच ती चालते, म्हणून मी तिचे नाव 'मनस्विनी' ठेवले. आळीतील मंडळी तिला 'डबडी' म्हणतात. या मोटारीच्या पुण्याईने बाबांना येथील जुन्या मोटारींच्या मंडळात प्रवेश मिळाला आहे. कारंज्याचे फुलचंदशेठ मंडळाचे अध्यक्ष. त्यांची मोटार इतकी लांब आहे, की ती वळू लागली म्हणजे तिचा पुढचा भाग एका गल्लीत व मागचा दुसऱ्या गल्लीत असतो. जगदेव डॉक्टर हे चिटणीस. त्यांच्याकडे लढाईतून उरलेली जीप आहे. मंडळाचा नियम एकच. रस्ता सोडून रानात मोटार न्यावी आणि तिच्याच बळावर परत आणावी. ज्या मोटारीला बैल जुंपावे लागतील, तिचा मालक मंडळातून बाद.

येत्या १८ तारखेला, शनिवारी, मंडळ मानोऱ्यापलीकडे धनसिंग नाइकांच्या तांड्याजवळील माळावर मुक्कामास जाणार आहे. रविवारी सभा होऊन परत. फुलचंदशेठांच्या घरची मंडळी येणार असल्याने मलाही नेण्यास आईने संमती दिली आहे. संकट येथून सुरू होते.

मी मॅट्रिकला शाळेत पहिली आले, तरी येत्या जूनपासून मला अमरावतीच्या कॉलेजात धाडावे की घरीच बसवून बाहेरून परीक्षा द्यावयास लावावी, याचा निर्णय बाबांनी केलेला नाही. ते म्हणतात, "जी मुलगी मीठ मागायला गेली तर दुकानदाराला दिसत नाही, ती वसतिगृहात कशी राहील?" त्यांचे म्हणणे निराधार नाही. नाशिकच्या बक्षीस समारंभात आभार मानण्यास मी उभी राहिले आणि इतका वेळ निःशब्द उभी राहिले, की कोणी तरी वारले असावे असे समजून सगळे सभागृह मान खाली घालून उभे राहिले.

आता बाबांनी अट घातली आहे. रविवारच्या सभेत आभारप्रदर्शन मी करावयाचे. प्रारंभापासून शेवटपर्यंत, स्वमुखाने, आणि कोणासही न वगळता. कारण आभारात एखाद्याला वगळणे ही कृतघ्नता होय, असे ते प्रत्येक शाळेत सांगतात. हे साधले तर अमरावती. न साधले तर घर.

आपला उपदेश मिळाल्यास उपकार होतील.

आपली आज्ञाधारक,
रुख्मिणी

केनवड
९ जानेवारी

चि. रुखमाले चतुराआत्याचा आशीर्वाद.

तुह्यं पत्र भेटलं. इतलं शुद्ध पत्र आपल्या घरात आजपावतर आलं नव्हतं. मले वाटलं कचेरीतून नोटीस आली. मंग खाली तुह्यं नाव दिसलं तवा जीव भांड्यात पडला. मले सेवेशी-फेवेशी लिहू नको वं माय. आत्या म्हन.

रामानं मोटार घेतली हे आयकून हसू आलं. मले मोटारीचं समजत नाही, पन वाटंचं समजते. तुह्या बापाले लहानपनापासून वाट समजत नाही. वावरातून घरी याले निंगाला आन् रिसोडच्या बाजारात भेटला, असा तो. आता त्याच्या हातात मोटार हाय म्हंजे तो कुठी निंगते ते देवालेच मालूम.

म्हनून तुले सांगून राह्यली. नवी जागा, अनवळखी मुलूख, काई समजत नसलं तरी भेवाचं नाही. धुरा सोडू नको. धुरा धरून राह्यलं की मानूस बरोबर ठिकानावर निंगते. मी बायकोमानूस असून चाळीस वर्स झाले, धुऱ्याच्याच भरोश्यावर हावो.

आन् बोलाचं म्हनशीन तं त्यात काय हाय? ज्याचं त्याचं नाव घेजो. मानसाले आपलं नाव आयकू आलं की तो खूश. बाकी तू काय बोलली ते कोनी आयकत नाही.

थंडी लय हाय. कानाले बांधून घेजो. रामालेही बांधाले लावजो, नाही आयकत तं मीनं सांगितलं म्हना.

तुही आत्या,
चतुराबाई

वाशीम,
दि. १६ जानेवारी १९५८

ती. आत्याबाईंच्या सेवेशी,
(क्षमा असावी. 'सेवेशी' एकदम सुटत नाही.)

आपले पत्र वाचून माझ्या मनाची जी अवस्था झाली, तिचे वर्णन करण्यास मजजवळ शब्द नाहीत, असे म्हणण्याची रीत आहे. परंतु मजजवळ आहेत. 'धुरा सोडू नको'! तीन शब्दांत आपण केवढा अर्थ भरला! धुरा म्हणजे रथाच्या जुवाचा भार, आणि त्यावरून नेतृत्व, उत्तरदायित्व. कुटुंबाची धुरा, राज्याची धुरा. घरातील पुरुष माणसे गेल्यावर चाळीस वर्षे आपण शेतीची धुरा एकटीने वाहिलीत, तिचा उल्लेखही किती संकोचाने एका ओळीत केलात. आपण चौथीपर्यंतच शिकलात, हे मला खरे वाटत नाही.

मी निश्चय केला आहे. जो भार माझ्या हाती येईल, तो काही झाले तरी सोडणार नाही.

बाबांना हे वाक्य सांगितलेले नाही. ते माझ्यापाशीच राहू द्यावे, असे वाटते.

आपली,
रुख्मिणी

(कार्ड)
केनवड
१८ जानेवारी

चि. रुखमाले आशीर्वाद. अवं पोरी, हे काय लिहून राह्यली तू? कायचा रथ आन् कायचं राज्य! धुरा म्हंजे वावराचा बांध. दोन वावराच्या मंधात असते तो. वाट चुकली तं धुऱ्याधुऱ्यानं चालावं, गाव लागते, दुसऱ्याचं पीकही तुडवल्या जात नाही, इतलंच म्हनलं मीनं. तुमी आज गेले असान. हे कार्ड तुले टायमावर भेटत नाही, मले मालूम हाय. काई उचलून धरू नको वं माय, आन् काई धरलं असन तं सोडून दे. आत्या.

वाशीम,
२० जानेवारी १९५८

ती. अक्कास,
रामकिसनचा नमस्कार.

सहल उत्तम झाली. मोटारीने अपेक्षेपेक्षा सरस काम केले; काही काळ तर ती माझ्याही पुढे धावत होती. मोकळ्या हवेत थोडे शेतीचे कामही झाले. कडबा रचण्याचा लहानपणचा हात अजून गेलेला नाही, हे पाहून समाधान वाटले. शाळा तपासणीचा व्याप वाढल्याने मंडळाचे सभासदत्व मी आपण होऊन सोडत आहे.

रुख्मिणीचे आभारप्रदर्शन झाले. सविस्तर झाले.

पाठीत उसण भरली आहे. त्यावर तू आईच्या वेळचे काही तेल करत असशील तर येणाऱ्याबरोबर पाठवावे.

तुझा,
रामकिसन

वाशीम,
दि. २१ जानेवारी १९५८

ती. आत्याबाईंस,
रुख्मिणीचा नमस्कार.

बाबांचे पत्र आपणांस मिळालेच असेल. त्यात काय आहे, मला ठाऊक नाही. परंतु ते लिहिताना त्यांनी दोनदा खिडकीबाहेर पाहिले, त्यावरून त्यात सर्व काही नसावे.

शनिवार सुखरूप गेला. रानात अत्यंत साधेपणाने राहावयाचे, असे ठरले होते. म्हणून फुलचंदशेठांनी केवळ एक पलंग, गिरद्या, स्वयंपाकी आणि लोणच्याच्या बरण्या आणल्या. जगदेव डॉक्टरांची राहुटी त्यांच्यासह दोनदा पडली. धनसिंग नाइकांनी तांड्यावरून कणसे पाठवली. शेकोटीभोवती बसून आम्ही हुरडा खाल्ला. मी शेठाणीबाईंच्या आड बसून मनातल्या मनात आभार पाठ करीत होते. माझे ओठ हलताना पाहून त्यांना वाटले मी जप करते, आणि त्यांनी मला सूनच करून घेण्याविषयी चौकशी केली. त्यांचे चिरंजीव सहा वर्षांचे आहेत, हे समजल्यावर तो विषय मागे पडला.

रविवारी सकाळी तिन्ही मोटारी नाल्यापलीकडे फेरी मारण्यास निघाल्या. शेठ आणि डॉक्टर पुढे निघून गेले. मनस्विनी नाल्याच्या वाळूत बसली. बाबांनी हँडल मारले, तिची समजूत घातली, शेवटी तिला इंग्रजीत बोलले. शेजारच्या शेतातून गड्यांसह धनसिंग नाईक आले.

"बैल आनू का साहेब?"

"बैलांचे नाव काढू नका!" बाबा म्हणाले.

"नाव तं हिऱ्या-पवळ्या हाय. काहून नाही काढाचं?"

अखेर सर्वांनी मागून ढकलावे आणि वजनाने सर्वांत हलके असेल त्याने सुकाणूचे चक्र धरून बसावे, असे ठरले. हलकी मी होते. बाबांनी मला चक्रावर बसवून सांगितले, "चक्राखाली हा हाताचा खटका आहे. हा ओढला की वेग वाढतो, सोडला की कमी होतो. मी सोड म्हटले की सोडायचे." मी मान हलवली. आत्याबाई, तेवढ्यात माझ्या दोन्ही हातांत ते चक्र आले, आणि मला आपले वाक्य आठवले. प्रत्यक्ष गाडीची धुरा! आपणांस हे आधीच दिसले होते काय, असे वाटून अंगावर रोमांच उभे राहिले.

त्यांनी ढकलले. मनस्विनी खोकली, हसल्यासारखी थरथरली, आणि नाल्याच्या काठावर चढून, ढकलणाऱ्यांना वाळूत सोडून, नाइकांच्या हरभऱ्यात शिरली.

मागून बाबा धावत होते. "सोड! रुख्मिणी, सोड!"

ते खटक्याविषयी बोलत होते, हे मला आता समजते. तेव्हा मात्र मला वाटले, हीच परीक्षेची वेळ. पिता सोड म्हणतो, आत्या म्हणते सोडू नको. आपण त्यांच्याहून वडील आहात. मी चक्र अधिकच घट्ट धरले, आणि खटका चक्राबरोबरच माझ्या मुठीत आला.

समोर नाइकांच्या पत्नी रुपाबाई हातात विळा घेऊन उभ्या होत्या. त्या ओरडल्या, "धुऱ्यानं घे वं! धुऱ्यानं घे!"

आत्याबाई, मी अक्षरशः चकित झाले. त्या अनोळखी रानात, एका अनोळखी स्त्रीच्या मुखातून तोच शब्द! 'धुरा' हा शब्द स्त्रीलिंगी असल्याने 'धुरेने' असे रूप व्हावयास हवे, हे माझ्या ध्यानात आले. परंतु ती वेळ व्याकरणाची नव्हती. मी आयुष्यात प्रथमच पूर्ण आवाजात ओरडले, "घेतली आहे! मी धुरा घेतली आहे!"

"कुठी घेतली वं? हरभऱ्यात हायेस तू!"

"सोडणार नाही!"

"अवं माय, हे पोरगी याडी हाय का काय!" असे म्हणून त्या बाजूला झाल्या, आणि मी कडब्याच्या गंजीत गेले. मनस्विनी चाकांपर्यंत आत शिरून शांत झाली. वरून पेंढ्या पडत राहिल्या. आत काळोख होता आणि छान वास येत होता. मी अजून चक्र धरूनच होते. रुपाबाईंनी पेंढ्या उपसून माझे डोके बाहेर काढले.

मग त्यांनी विळा कमरेला खोचला आणि सांगितले, "जिनं माह्या हरभऱ्याची वाट लावली, ते बोलन. तवर मोटार हालत नाही." बाबा बोलू लागले. त्यांना त्या म्हणाल्या, "तुमी नाही साहेब. तुमी तं मांगं पयत होते." तोवर शेतातले सगळे जण भोवती जमले होते. मी गंजीच्या कडेला उभी राहिले. डोक्यात कडबा होता. मी म्हणाले, "माझ्या अनवधानामुळे आपल्या पिकाची जी अपरिमित हानी झाली, तीबद्दल मी आपली अंतःकरणपूर्वक क्षमायाचना करते."

रुपाबाई नाइकांकडे वळल्या. "हे पोथी सांगून राह्यली का?"

"म्हणजे," मी म्हणाले, "चुकलं माझं."

"मंग हे पयले काहून नाही म्हनली?" त्या म्हणाल्या, आणि माझ्या केसांतला कडबा काढू लागल्या. निवाडा असा झाला, की पडलेली गंजी बाबांनी पुन्हा रचावी आणि तुडवलेला हरभरा मी उपटून काढावा. मग त्यातलेच डहाळे भाजून त्यांनी मला खाऊ घातले. बाबा रचत असताना त्या मधूनमधून म्हणत, "साहेब, पेंढी उलटी लावली. शाळेत असंच शिकवता का?"

मोटार मात्र हिऱ्या आणि पवळ्या यांनी ओढून काढली. दुसरा इलाजच नव्हता. शेठ आणि डॉक्टर यायच्या आत बाबांनी नाइकांना आणि रुपाबाईंना विनवले, की बैलांचा विषय कोठे निघू नये. दोघांनी कबूल केले. मला त्यांनी काहीच सांगितले नाही. मी बोलेन, अशी शंका त्यांना का यावी?

दुपारी मोठ्या पळसाखाली सभा भरली. फुलचंदशेठांनी सांगितले, की तिन्ही मोटारी स्वबळावर परत आल्याने मंडळाची मान उंच झाली आहे. टाळ्या झाल्या. बाबांनी नम्रपणे जमिनीकडे पाहिले. मग माझे नाव पुकारले गेले.

मी उभी राहिले. काही क्षण नाशिकसारखेच झाले; जगदेव डॉक्टरांनी तर टोपी काढून हातात घेतली. तेवढ्यात समोर तांड्यावरच्या बायकांत बसलेल्या रुपाबाई मोठ्याने म्हणाल्या, "बोल वं! सकाळी तं लय वरडत होती!" आणि माझा आवाज आला. कोठून आला, ठाऊक नाही. पण तो सकाळचाच होता, त्यामुळे पळसावरचे पक्षी उडाले. आपण सांगितल्याप्रमाणे मी ज्याचे त्याचे नाव घेतले. अध्यक्ष, चिटणीस, शेठाणीबाई, स्वयंपाकी, लोणचे घालणाऱ्या शेठांच्या वहिनी, नाईक, रुपाबाई. प्रत्येक जण नाव ऐकून फुलत होता. कोणालाही वगळावयाचे नाही, ही बाबांची अट मला पक्की स्मरत होती. म्हणून मी शेवटी म्हणाले, "आणि ज्यांच्या निरपेक्ष परिश्रमांवाचून आमची मोटार कडब्याच्या गंजीतून कदापि बाहेर येती ना, ते दोघे, श्री. हिऱ्या आणि श्री. पवळ्या, यांचे ऋण मी आजन्म विसरणार नाही."

टाळ्या झाल्या. फुलचंदशेठांनी कौतुकाने विचारले, "वा, वा! हे दोघं कोन? बोलवा ना त्याइले, हार घालू!"

धनसिंग नाईक शब्दाला जागून गप्प राहिले होते. परंतु हाराचे नाव निघाल्यावर त्यांना राहवेना. "माहे बैल हायेत शेठ," ते अभिमानाने म्हणाले. "आनू का?"

पुढचे लिहीत नाही. हार मात्र खरोखरच घातले गेले. पवळ्याने आपला खाऊन टाकला.

परतीच्या वाटेवर मी मनात अमरावतीचा निरोप घेतला. मंगरूळपीर ओलांडल्यावर बाबा म्हणाले, "शेवटचे वाक्य फार लांब होते."

"हो, बाबा."

पुढचे एक गाव मागे पडले.

"पण संपवलेस." मग थोड्या वेळाने, "कोणाला वगळलेही नाहीस." आणि वाशीमचे दिवे दिसू लागल्यावर, "अमरावतीला अर्ज केव्हा करायचा असतो?"

येथपर्यंत लिहून पत्र घडी करीत होते, तोच टपालवाल्याने आपले १८ तारखेचे कार्ड आणून दिले. मी ते वाचले. आत्याबाई, बांध! नुसता बांध! म्हणजे रुपाबाई मला धीर देत नव्हत्या. त्या मला त्यांच्या हरभऱ्यातून बाहेर काढत होत्या! मी तासभर लाजेने फडताळाच्या आड बसले. 'धुऱ्यानं' हे रूपही बरोबरच होते. शब्दच पुल्लिंगी होता.

आता मी काय करू?

आपली,
रुख्मिणी

केनवड
२५ जानेवारी

चि. रुखमाले आशीर्वाद.

काय करशीन? काई नाही. तुह्यं पत्र मीनं अंगनात बसून वाचलं. हसता हसता मी खाटीवरून खाली आली. आजूबाजूच्या बाया आल्या, त्याइले पुन्हा वाचून दाखवलं. आता आख्ख्या केनवडात कोनी कोनाले भेटलं तं म्हनते, "घेतली आहे, मी धुरा घेतली आहे!"

तू चुकीचा धुरा धरला, पन धरला. लय जन बरोबर धुऱ्यावर उभे राह्यतात आन् जागचे हालत नाहीत. तुह्या बापाले सांगू नको, पन तो लहानपनी चार मानसाईत बोलत नव्हता. म्हनून तं तुह्यं पयलं पत्र भेटल्यावर मीनंच त्याले निरोप धाडला होता, का पोरीले त्या मोटारीत घेऊनच जाय, बोलाले लावच. बैलाचं मले मालूम नव्हतं.

तेल पाठवून राह्यली. रामाले म्हना, सभासदत्व आपन होऊन सोडलं तं पाठ काहून दुखते?

आत्या

अमरावती,
दि. ४ जुलै १९५८

प्रिय आत्या,
नमस्कार.

काल पोहोचले. बाबा सोडावयास येणार होते, परंतु त्यांना मंडळात पुन्हा घेतले आहे आणि काल नेमकी सभा होती. नियम आता बदलला आहे. बैल चालतील, आभारप्रदर्शन मात्र यापुढे केवळ अध्यक्षच करतील.

म्हणून आईने मला वाशीमच्या स्टेशनावर ओळखीच्या कुटुंबासोबत बसवून दिले. अमरावतीस त्यांनी टांगा करून दिला. टांगेवाल्याने वसतिगृह म्हणून मला एका लांबच लांब भिंतीपाशी उतरवले आणि तो गेला. दार कोठेच दिसेना. रस्ता अनोळखी, चिखल, हातात ट्रंक. विचारावे तर कोणी नाही. मी काही वेळ नाशिकसारखी उभी राहिले.

मग तुझे वाक्य आठवले. या वेळी पुल्लिंगी. उजवा हात भिंतीला लावला आणि भिंतीभिंतीने चालत गेले. एक कोपरा वळले, दुसरा वळले. तिसऱ्या कोपऱ्यापाशी फाटक होते.

आतून पहारेकऱ्याने विचारले, "कोण आहे?"

मी नाव सांगितले.

"हळू बोला, बाई," तो म्हणाला. "मी इथंच हाये."

तुझी,
रुखमा